कोऱ्या कागदाखालची सही

माणिकरावांना मी गजाने मारलं नाही. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला शंका येणारच. येऊ द्या. दोन वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत दुसरं काही पाहिलंच नाही.

घडलं ते एवढंच. माणिकराव आमचे शेजारी. त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या दारात यायचं. मी बोललो, ते बोलले, मी त्यांची कॉलर धरली. कॉलर धरली हे कबूल. सोडली तेव्हा ते मागे सरकले, त्यांच्याच मोरीच्या शेवाळावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. संध्याकाळी ठाण्यात फिर्याद लिहिली गेली तोवर माझ्या हातात लोखंडी गज आला होता. दुसऱ्या दिवशी तो गज माझ्या घराच्या मागच्या पडवीतून पंचांसमक्ष जप्तही झाला. असला गज मी जन्मात पाहिला नव्हता.

मी, शिवमूर्ती मठपती, पंचायत समितीत कारकून. सत्तावीस वर्षं नोकरी. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली की नोकरी जाते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्यांच्या फायलींत ते वाक्य मीच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. तेव्हा केसमधून सुटणं म्हणजे माझं सगळंच सुटणं होतं, आणि न सुटणं म्हणजे बावन्नाव्या वर्षी घरी बसून माणिकरावांच्या मोरीकडे बघत राहणं.

अटक झाली आणि जामीनही त्याच दिवशी झाला. पण घरी आलो तो माणूस वेगळाच होता. मला सगळ्यांचा संशय यायला लागला. बायको त्रिवेणी सोमवारी भजनाला जायची, तिथे माणिकरावांची बायकोही असायची. मी विचारायचो, "काय बोललीस तिच्याशी?"

"टाळ वाजवताना काय बोलणार?" ती म्हणायची. "तुमी आता माझ्यावरबी पंच बसवा."

वकील पद्मजाताई चांगल्या होत्या असं सगळे सांगायचे. मला मात्र त्या कोर्टाच्या कँटीनमध्ये सरकारी वकिलाबरोबर हसताना दिसल्या आणि माझी झोप उडाली. दर तारखेला त्या म्हणायच्या, "मठपती, माणिकरावांशी आपसात मिटवून घ्या की." मिटवून घ्या म्हणजे काय? म्हणजे ह्यांनाही वाटतं मी मारलं? विचारलं तर म्हणाल्या, "मला काय वाटतं त्याला कोर्टात किंमत नाही." ह्या उत्तरावर मी आठ दिवस विचार केला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो होतो.

आणि ठाणं! ठाण्याशी माझा जुना घरोबा. आमच्या ऑफिससमोर, रस्ता ओलांडला की ठाणं. पोलिसांनी कुठे झडती घेतली, काही जप्त केलं, की त्या वेळी हजर असलेल्या दोघा त्रयस्थांच्या सह्या लागतात. तेच पंच. गावातला माणूस पंच व्हायला तयार नसतो. उद्या कोर्टाचे खेटे कोण घालणार? मग जमादार रस्ता ओलांडून आमच्याकडे यायचे. सरकारी नोकर, त्यात मी वक्तशीर, साक्षीला न बोलता हजर. पंधरा वर्षांत किती पंचनाम्यांवर सह्या केल्या ते मलाही सांगता येणार नाही. आणि तोच जमादार मला आत बसवताना अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता. ह्यामागे नक्की कुणीतरी आहे, अशी माझी खात्री झाली. कोण, ते मी शोधत होतो.

दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्या तेव्हा पद्मजाताईंनी दोन संच मागितले. कोर्टाच्या फाटकासमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार पस्तिशीचा, शांत, कागद हाताळण्यात सराईत. एकेक पान काचेवर ठेवत होता. मी त्याच्या हाताकडे बघत उभा होतो, कारण एखादं पान गायब करील अशी मला धास्ती होती. जप्तीच्या पंचनाम्याचं पान आलं आणि त्याचा हात थांबला.

"सायब," तो म्हणाला, "ह्यो पंचनामा तुमच्याविरुद्ध हाय ना?"

"तुला काय करायचंय?"

"मंग त्याच्यावर पंच म्हनून तुमचीच सही कशी?"

मी पान हिसकावून घेतलं. वर पंचांची नावं दुसऱ्याच दोघांची होती. खाली दोन सह्या. पहिली कुणा माऊली नावाच्या टेम्पोवाल्याची, स्वच्छ वाचता येणारी. दुसरी उजव्या कोपऱ्यात, एक मोठा वळसा, दोन टिंबं आणि शेपटीसारखी खाली ओढलेली रेघ. ती माझी होती. सत्तावीस वर्षं रोज शंभर कागदांवर ओढलेली. माझ्या घरातून गज निघाला, ह्याला साक्षीदार मीच होतो! चार वेळा मी तो पंचनामा वाचला होता, पण मजकूर वाचला होता. स्वतःची सही माणूस कुठे वाचतो?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं. मी ज्याला शोधत होतो तो मीच निघालो.

कसं झालं ते मला उभ्या उभ्या कळलं. जमादार म्हणायचे, "सायब, तुमाला रोज रोज तरास कामून? ह्या दहा-पंधरा कागदांवर सह्या मारून ठेवा. वरचं आमी भरून घेतो." मी मारून ठेवायचो. त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. ग्रामसभेच्या रजिस्टरवर आधी सह्या आणि मागून ठराव, असं मी गावोगाव पाहत आलो होतो. काम पुढे सरकायचं तर तसंच सरकतं. त्या गठ्ठ्यातला एक कागद उरला असणार. कुण्या शिपायाने घाईत तो ओढला, वर पंचांची नावं आणि मजकूर लिहिला, खालच्या सहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना मी आरोपी म्हणून ठाऊक होतो, सही कुणाची हे बघायला कुणाला वेळ होता?

मला आनंद झाला. लपवत नाही, खूप झाला. सुटलो, असं मोठ्याने म्हणालोही. आणि मग डोक्यात दुसरा किडा वळवळला. हा झेरॉक्सवाला माझी सही कशी ओळखतो?

"तू कोण रे?" मी विचारलं.

"सिद्धोधन." तो पुढचं पान काचेवर ठेवत म्हणाला. "धुरपताबाईचा. नऊ वर्सं झाली. मोटारीची केस. कडब्याच्या गंजीतून पाण्याची मोटार मी काढून दिली आन् तुमी ती पायली, असं तुमी साक्षीत सांगितलं. त्याच कागदावर ही सही व्हती. दीड वर्स आत व्हतो, दुसरं वाचायला काय व्हतं?"

मला केस आठवली नाही. हे सांगायला लाज वाटते, पण खरंच आठवली नाही. साक्षीआधी सरकारी वकील पंचनामा वाचायला द्यायचे, मी वाचायचो, पिंजऱ्यात उभा राहून घडाघडा सांगायचो. कडब्याची गंजी, विहीर, गोठा, चूल. सगळं एकच होऊन गेलेलं.

"मोटार चोरली नव्हतीस?"

"न्हाई. कालव्याच्या चारीत सापडली व्हती पोलिसाला. माझ्या घरी कडबाच नव्हता सायब, जनावर कुठं व्हतं आमाला?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं वागायचं ते मला कळतं. हा शांतपणे पानं जुळवत होता. ह्याला माझा सूड घ्यायचा तर त्याने गप्प बसायला हवं होतं. मग सांगितलं कशाला? नक्की काहीतरी हवंय ह्याला.

"तुला काय पाहिजे?" मी सरळच विचारलं.

"माझी सजा भोगून झाली. ती काय आता वापस येत न्हाई." त्याने पिना मारल्या. "आईला वाटतं मी चोरी केली. सारं गाव काय बी म्हनू दे, तिला मी समजावलं असतं. पर ती म्हनती, मठपती सायब खोटं बोलनार न्हाई. तिच्या घरकुलाची फाईल तुमी एका चकरंत करून दिली व्हती. दुसऱ्या कुनी तिला कधी खुर्चीबी दिली न्हाई. नऊ वर्सं माझ्या हातचं खाती, पर कपाटाची किल्ली कमरंची काढत न्हाई. तुमी फकस्त एकदा येऊन तिला खरं सांगा. कागद नको, लिहून नको. तोंडानं सांगा."

"येतो," मी म्हणालो. "केस संपू दे."

पद्मजाताईंना पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे माणसासारखं पाहिलं. "मठपती, ही सही तुमची?" मी सगळं सांगितलं, गठ्ठ्याचं, पंधरा वर्षांचं, सिद्धोधनचंही. त्यांनी खोलीचं दार लावलं.

"हे शेवटचं सांगितलंत. पुन्हा कुणापुढे बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "कोऱ्या कागदांवर सह्या करून शपथेवर साक्षी दिल्या म्हणालात तर ह्या केसमधून सुटाल आणि खोट्या साक्षीच्या केसमध्ये अडकाल. नोकरी दोन्हीकडून गेली."

"मग सही कशी आली म्हणायचं?"

"ते तुम्ही ठरवा. अटक झालेल्या माणसाला ठाण्यात कागद पुढे करतात, सही कर म्हणतात. असं कित्येकांच्या बाबतीत होतं. तुमच्या बाबतीत झालं की नाही, हे मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही."

वकील लोक खोटं बोलत नाहीत. ते फक्त दार दाखवतात.

त्यानंतर सिद्धोधनच्या दुकानात जायचं मी टाळायला लागलो. त्याची मागणी मला जितकी साधी वाटायची, तितका संशय वाढायचा. म्हातारीपुढे बसवील आणि मोबाईल चालू ठेवील. माझा आवाज टेप करून वकिलाकडे नेईल. नाहीतर माणिकरावांनीच त्याला पढवला नसेल कशावरून? पाथरीला बदलून गेलेल्या एका मित्राला फोन करून मी ह्या सिद्धोधनची चौकशीसुद्धा केली. तो म्हणाला, "सज्जन माणूस आहे." सज्जन म्हटल्यावर तर मी जास्तच सावध झालो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तो मात्र कधी मागे लागला नाही. तारखेला दिसलो की नमस्कार करायचा. "आई बरी हाय," एवढंच सांगायचा, मी विचारलेलं नसताना.

दीड वर्षाने साक्षी सुरू झाल्या. माऊली टेम्पोवाला पिंजऱ्यात आला आणि म्हणाला की गज-बिज त्याने काही पाहिलं नाही, सोनपेठचं भाडं घेऊन जात होता, रस्त्यात थांबवून सही घेतली. मग तपास करणारे जमादार आले. पद्मजाताईंनी त्यांच्यापुढे पान धरलं.

"ही दुसरी सही कुणाची?"

"पंचाची."

"पंचाची की आरोपीची? नीट बघून सांगा."

जमादारांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी त्यांना माझी ओळख पटली. "सांगता येत न्हाई," ते पुटपुटले. माणिकराव मागच्या बाकावर उगीचच मनगट चोळत होते.

शेवटी न्यायाधीशांनी आरोपीला विचारायचे ते प्रश्न मला विचारले. आवाज मऊ होता. "ही सही तुमची आहे असं तुमचं म्हणणं आहे. ती ह्या कागदावर कशी आली?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, मी खोटं सांगत नाही. पण मागे वळून पाहिलं तर ऑफिसातले दोघे आलेले, त्रिवेणी पदर तोंडावर धरून बसलेली. सत्तावीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. "साहेब," मी म्हणालो, "अटकेच्या दिवशी ठाण्यात धाक दाखवून माझ्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली."

पंधरा दिवसांनी निर्दोष सुटलो. निकालात पोलिसांच्या धाकदपटशावर न्यायाधीशांनी चांगले दोन परिच्छेद लिहिले. जिल्ह्याच्या पेपरात माझ्या नावानिशी बातमी आली: 'कर्मचाऱ्याला धमकावून सही'. ऑफिसात हार घातला. त्रिवेणीने महादेवाला अभिषेक केला. माणिकरावांनी मोरीला पाइप बसवला. मला वाटलं होतं आता झोप लागेल.

लागली नाही. बातमीचं कात्रण पाकिटात होतं आणि ते मला टोचत होतं. पोलिसांनी मला धाक दाखवला नव्हता, ना ह्या वेळी, ना नऊ वर्षांपूर्वी. अटकेच्या दिवशी तर जामिनाचे सोपस्कार सोडले तर त्यांनी माझ्याकडून एकही सही घेतली नव्हती. मी स्वतःची कातडी वाचवली होती, आणि ज्याने मला ती वाचवायचा रस्ता दाखवला त्याला तेवढ्यापुरता विसरलो होतो. चौथ्या दिवशी दुपारी रजा टाकून मी त्याच्या दुकानात गेलो.

"चल," मी म्हणालो. "तुझ्या आईकडे."

त्याने शटर ओढलं. त्याचा मोबाईल काउंटरवरच राहिला होता. मी त्याची आठवण करून दिली, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमाला शंका नको." मान वर करून त्याच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

घर म्हणजे मीच मंजूर केलेलं घरकुल. धुरपताबाई दारात बसून सुपात तूर निवडत होत्या. मला पाहताच उठायला लागल्या. सिद्धोधनला म्हणाल्या, "खुर्ची आन सायबाला. पुसून आन."

मी खुर्चीवर बसलो नाही. खाली, त्यांच्यासमोर बसलो. "मावशी, एक सांगायला आलोय. सिद्धोधनने ती मोटार चोरली नव्हती."

त्यांचा हात सुपात थांबला. "तुमी तर डोळ्यानं पायलं व्हतं."

"नाही पाहिलं. मी तिथे नव्हतोच. कोऱ्या कागदावर सही करून ठेवली होती. त्यावर पोलिसांनी जे लिहिलं ते वाचून कोर्टात तसंच बोललो."

"पोलिसांनी धाक दाखवला व्हता का तवा?"

"नाही, मावशी. कुणीच धाक दाखवला नाही. माझ्या मर्जीने केली."

त्या हळूच म्हणाल्या, "आन् परवा? पेपरात आलंय, तुमाला धाक दाखवून सही घेतली. सिद्धूनंच वाचून दाखवलं मला."

"तेही खोटं होतं."

"कोर्टात?"

"हो. कोर्टात."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर मला शिव्या देतील. दोन्हीची मी तयारी केली होती. पण त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि दाराला टेकून उभ्या असलेल्या लेकाकडे वळवली.

"सिद्धू," त्या म्हणाल्या, "काय केलंस सायबाला? कशाचा दम दिलास?"

"आई, म्या काय बी—"

"गप! एवढा मोठा मानूस माझ्या दारात खाली बसून म्हनतोय मी लबाड हाय. कोन म्हनंल असं आपल्या तोंडानं? त्यांचा कोनता कागद तुझ्याकडं अडकलाय? दुकानात सगळ्याचे कागद येतेत तुझ्या."

"मावशी, त्याने काही केलेलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "शपथ घेऊन सांगतो."

"नका घेऊ सायब," त्या हात जोडून म्हणाल्या. "एका मोटारीपायी किती येळा शपथ घ्याल? त्यानं केलं, त्यानं भोगलं, माझ्या पोटचं हाय, मी सांभाळायलेय. तुमी त्याच्यापायी लबाड होऊ नका. तुमी माझी फाईल एका चकरंत केली व्हती."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जमादाराचं नाव सांगितलं, सह्यांच्या गठ्ठ्याचं सांगितलं. जितकं जास्त सांगत गेलो तितक्या त्या लेकाकडे जास्त जास्त रोखून बघत गेल्या. कमरेच्या किल्लीवर त्यांचा हात गेला होता, बहुधा त्यांच्याही नकळत.

सिद्धोधन मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. ऊन लख्ख होतं. कोपऱ्यावर मी म्हणालो, "मी पुन्हा येईन. रोज येईन. पटेपर्यंत सांगेन."

"नका येऊ सायब," तो म्हणाला. "आतापस्तोवर तिला वाटत व्हतं मी चोरी केली. आता वाटायलंय, चोरी लपवायला तुमाला धमकावलं. तुमी जितक्या येळा याल, तितकी तिची खात्री वाढंल."